शितावरून भात, दातावरून प्राणी

गोदावरीकाठच्या एका शेतकऱ्याने गोणपाटात गुंडाळून आणलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि टेबल किंचित हलले. "पावसात दरड कोसळली ना सर, तिथं निघाली. गावात कुणी म्हणतंय राक्षसाचा दात, कुणी म्हणतंय नुसता धोंडा. तुम्हीच सांगा काय ते."

गोणपाट उलगडले. वीतभर लांबीचा, काळपट तपकिरी तुकडा. बाजूने पाहिले तर जाड भाकऱ्या उभ्या रचून एकमेकींना चिकटवाव्यात तसा. वरून पाहिले तर झिजलेला सपाट माथा आणि त्यावर लांबट, बंद कड्या, एकीपुढे एक अशा सहा. प्रत्येक कडीची किनार आजूबाजूपेक्षा उंच, फिकट आणि चिनी मातीच्या कपासारखी चमकदार. बोट आडवे फिरवले की ती किनार नखाला अडायची. धोंड्याला असे काही नसते. ती हत्तीची दाढ होती.

एवढे सांगायला एक मिनिटही लागले नाही. मग त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. कुठला हत्ती? केवढा? किती जुना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कमीअधिक देता आली, तिसऱ्याचे देता आले नाही. दाढ समोर असूनही ते का देता आले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथपर्यंत पोहोचण्याआधी दात वाचतात कसा ते पाहू.

प्राणी मेला की बहुतेक सगळे नाहीसे होते. मांस कोल्ह्या-गिधाडांचे, कातडी किड्यांची, हाडे ऊन-पावसाने भुसभुशीत होऊन मातीत मिसळतात. दात मात्र राहतात. त्यांच्यावरचे एनॅमलचे कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजच असतो. मेल्यावर दगड व्हायचे ते काम त्याने जिवंतपणीच जवळजवळ उरकलेले असते. म्हणून अनेक प्राचीन सस्तन प्राणी आपल्याला फक्त दातांवरूनच ठाऊक आहेत. बाकी देहाचा एक तुकडाही हाती लागलेला नाही.

वस्तू हातात आली की पहिला प्रश्न तो दात आहे की नाही हा. एनॅमलचा काचेसारखा गुळगुळीतपणा आणि त्याखाली वेगळ्या रंगाचा, मऊसर डेंटिनचा थर, ही जोडी दिसली की शंका फिटते. मोडलेल्या कडेला ती सर्वांत स्पष्ट दिसते. हाडाची मोडलेली कड सच्छिद्र असते, पावासारखी. क्षेत्रात काम करणारे लोक कधी कधी तुकड्याला जीभ लावून पाहतात. जुने हाड बारीक छिद्रांमुळे जिभेला चिकटते, साधा दगड सहसा चिकटत नाही.

दुसरा प्रश्न जुना की अलीकडचा, आणि इथे रंगावर विसंबून अनेक जण फसतात. काळा म्हणजे लाखो वर्षांचा, असे मुळीच नाही. नदीच्या चिखलातले लोह आणि मँगेनीज दातात शिरले की गेल्या काही पिढ्यांत मेलेल्या म्हशीची दाढही काळीकुट्ट होते. नदीत सापडलेले 'प्राचीन प्राण्याचे दात' म्हणून जे दाखवायला आणतात, त्यात गाई-म्हशींचे दात पुष्कळ असतात. आणणाऱ्याचा हिरमोड होतो, पण खरे ते सांगायलाच हवे. जीवाश्म झालेला तुकडा त्याच्या आकाराच्या मानाने जड लागतो, कारण पोकळ्या खनिजांनी भरलेल्या असतात. हाही अंदाजच. खात्री थरावरूनच होते.

हे वाचन आपल्याला वाटते तितके परके नाही. बैलबाजारात जाऊन पाहा. बैल घेणारा आधी वशिंड पाहील, खूर पाहील, पण सौदा ठरायच्या आत बैलाचा खालचा ओठ खाली ओढून दात बघणारच. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के आले असतील तर दुसा, चार आले तर चौसा, मग सहादाती आणि शेवटी जुळलेला. जन्मतारखेचा कागद नसताना त्या दातांवर हजारो रुपयांचा व्यवहार होतो. गाय-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हेही त्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. जीवाश्मतज्ज्ञ यापेक्षा वेगळे काही करत नाही. फरक इतकाच की त्याच्यासमोर बैल उभा नसतो.

आता दाढेकडे परत येऊ. ज्यांच्या घरात जाते किंवा पाटा-वरवंटा होता त्यांना टाकी लावणे ठाऊक असेल. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही. मग छिन्नीने त्याला पुन्हा खरखरीत करून घ्यावे लागते. हत्ती दिवसभर गवत, साली, फांद्या दळत असतो आणि त्याच्या दाढेला टाकी लावायला कुणी येत नाही. ती सोय दाढेतच आहे. प्रत्येक पट्टी म्हणजे एनॅमलची चपटी पिशवी, आत डेंटिन भरलेले, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये सिमेंट नावाचा तिसरा पदार्थ. तिघांचा कठीणपणा वेगवेगळा. डेंटिन आणि सिमेंट लवकर झिजतात, एनॅमल मागे राहते आणि उंच धार बनते. दाढ जितकी वापरावी तितकी तिच्यावरची धार ताजी राहते. नखाला अडलेली किनार तीच.

हत्तीच्या दाढा आपल्यासारख्या खालून वर येत नाहीत. मागून पुढे सरकत येतात. पुढची झिजून तुकडे होऊन गळते आणि तिच्या जागी मागची, आधीपेक्षा मोठी, येते. जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात अशा सहा. सहावी झिजली की सातवी नाही. म्हातारा रानहत्ती पुष्कळदा रोगाने मरत नाही, दळता येईनासे झाले म्हणून मरतो. म्हणूनच सुटी दाढ सापडली तर ती सहापैकी कितवी आणि किती झिजलेली, यावरून मेला तेव्हा हत्ती पोरसवदा होता की वयस्क हे सांगता येते. आमच्या तुकड्याची रुंदी आठ सेंटिमीटरांहून अधिक होती. ती शेवटच्या दाढांपैकी एक असणार. प्राणी पूर्ण वाढलेला होता.

राहिला प्रश्न कुठल्या हत्तीचा. त्यासाठी पट्ट्या मोजतात. आजच्या आशियाई हत्तीच्या शेवटच्या दाढेत साधारण वीस-पंचवीस पट्ट्या असतात, आफ्रिकी हत्तीच्या दहा ते चौदाच्या घरात. आकारही वेगळा. आफ्रिकी दाढेवरची प्रत्येक कडी मध्ये फुगून शंकरपाळ्यासारखी होते, आशियाई दाढेवर दोन्ही किनारी जवळजवळ समांतर धावतात आणि त्यांना बारीक चुण्या असतात. या दोहोंच्या मधला एक नमुना आहे. पट्ट्या आशियाई हत्तीपेक्षा कमी, आणि कडीच्या मध्यभागी थोडासा फुगवटा. हा पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. नामाडिकस म्हणजे नर्मदेचा. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांवरून त्याचे वर्णन केले. आजच्या आपल्या हत्तीपेक्षा तो बराच मोठा होता. त्याचे अवशेष गोदावरीच्या गाळातही आहेत. 1905 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी त्यावर लेख लिहिला होता. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी गोदावरी, प्रवरा, घोड, मांजरा या नद्यांचे काठ पायाखाली घातले आणि दगडी हत्यारांबरोबर जनावरांची हाडे-दातही गोळा केले. जी. एल. बदाम यांचे 1979 चे भारताच्या प्लाइस्टोसीन काळातल्या प्राण्यांवरचे पुस्तक आजही या विषयात हाताशी ठेवावे लागते.

तिसरा उमेदवारही आपल्याकडे आहे, स्टेगोडॉन. त्याच्या नावाचा अर्थच छपराचा दात. त्याच्या दाढेवर उंच चपट्या पट्ट्या नसतात, घराच्या पाख्यांसारखे बुटके उतरते कणे असतात. आमच्या तुकड्याला ते नव्हते, तेव्हा तो सुटला. फुगवटा होता, पण सहाच पट्ट्या शाबूत. एकूण किती होत्या ते मोजायला अख्खी दाढ हवी. मी त्या शेतकरीदादांना सांगितले, नर्मदेचा तो मोठा हत्ती असावा. 'आहे' म्हणालो नाही.

हत्तीच्या दाढेचा विषय निघाला की मला अमेरिकेतली एक गोष्ट हटकून आठवते. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात दक्षिण कॅरोलायनातल्या स्टोनो इथे जमीन खणताना तीन-चार मोठ्या दाढा निघाल्या. खणणारे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. तिथून दूर उत्तरेला, न्यूयॉर्क प्रांतातल्या क्लॅवरॅकला 1705 मध्ये निघालेल्या एका प्रचंड दाढेवरून कॉटन मॅदरसारखे विद्वान धर्मोपदेशक बायबलमधल्या महाकाय माणसांची चर्चा करत होते. स्टोनोच्या दाढा ज्या ज्या आफ्रिकी माणसांनी पाहिल्या त्यांनी एकमुखाने सांगितले की या हत्तीच्या दाढा आहेत. मार्क केट्सबी या निसर्ग-अभ्यासकाने ते नोंदवून ठेवले, म्हणून आपल्याला कळते. त्या दाढा मॅमथच्या असाव्यात, आणि मॅमथ हत्तीच्याच कुळातला. म्हणजे त्या खंडातल्या एका जीवाश्म प्राण्याची अचूक ओळख पटवणाऱ्या आरंभीच्या माणसांची नावे कुणी लिहूनच ठेवली नाहीत. मला ही गोष्ट फार लागते. त्यांनी हत्ती पाहिला होता, त्याच्या तोंडात डोकावले होते. ज्याने जनावर पाहिलेय त्याला दात कळतो.

क्लॅवरॅकची दाढ मात्र वेगळी होती. तिच्यावर पट्ट्या नव्हत्या, बोथट शंकूंच्या जोड्या होत्या. अशाच दाढा पुढे ओहायो नदीच्या खोऱ्यातून निघाल्या तेव्हा लंडनचे विल्यम हंटर यांनी 1768 मध्ये निष्कर्ष काढला की हा हत्तीसारखा पण मांसाहारी प्राणी. उंचवटे पाहून त्यांना सुळे आठवले. वास्तविक ते झाडपाला, डहाळ्या चुरडण्याचे उंचवटे होते. 1796 मध्ये पॅरिसला तरुण जॉर्ज कुव्हिए यांनी आशियाई आणि आफ्रिकी हत्ती, मॅमथ आणि हा ओहायोचा प्राणी यांचे दात-जबडे शेजारी शेजारी ठेवून दाखवले की हे चार वेगवेगळे प्राणी आहेत, आणि त्यातले दोन आता पृथ्वीवर नाहीत. प्राण्यांची अख्खी जात नष्ट होऊ शकते ही गोष्ट तोवर अनेक विद्वानांना मान्य नव्हती. ती पटवण्यात या दाढांचा वाटा मोठा आहे. ओहायोच्या प्राण्याला कुव्हिए यांनीच पुढे मॅस्टोडॉन हे नाव दिले.

हत्ती सोडला तर आपल्या नदीकाठांवर काय सापडते? सर्वांत जास्त रानगुरांचे आणि रानम्हशींचे दात. त्यांची दाढ उंच असते आणि माथ्यावर झिजलेल्या चंद्रकोरी दिसतात, हरणाच्या दाढेवरही दिसतात तशाच पण लहान. घोड्याची दाढ चौकोनी खांबासारखी, माथ्यावर एनॅमलच्या गुंतागुंतीच्या घड्या, रांगोळीच्या रेषेसारख्या वळत गेलेल्या. दाढ उंच असणे ही खूण मोलाची. गवतात सिलिका असते, गवताबरोबर धूळ-वाळूही पोटात जाते, दात कानसल्यासारखा झिजतो. त्यामुळे गवत खाणाऱ्यांना झिजायला भरपूर उंचीची दाढ लागते. पाला खाणाऱ्यांचे कमी उंचीवर भागते. डुकराच्या आणि माणसाच्या दाढेवर गोल टेंगळे असतात, कारण दोघेही काहीही खातात. या डुकराकडे लक्ष असू द्या, पुढे त्याचे काम आहे.

आणि पाणघोडा. होय, आपल्याकडे पाणघोडे होते. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी त्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. पाणघोड्याची दाढ अर्धवट झिजली की प्रत्येक टेंगळावर एनॅमलची तीन पाकळ्यांची आकृती उमटते. इंग्रजी पुस्तके तिला क्लोव्हरच्या पानाची उपमा देतात. आपल्याकडे ते पान कुणी पाहिलेले नसते. मी विद्यार्थ्यांना सांगतो, बेलाचे पान आठवा. एका दाढेवर अशी चार बेलाची पाने शेजारी शेजारी. एकदा पाहिले की विसरता येत नाही. भारतातल्या या पाणघोड्याचे कुळनाम हेक्साप्रोटोडॉन, म्हणजे पुढचे सहा दात असलेला. आफ्रिकेतल्या आजच्या पाणघोड्याच्या जबड्यात पुढे सहसा चारच असतात. हिमयुग सरता सरता आपले पाणघोडे संपले. मांजरेच्या आजच्या पात्राकडे पाहून तिथे बारमाही पाण्यात डुंबणारे ते जनावर डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते, पण बेलपत्राची खूण असलेली दाढ खोटे बोलत नाही.

खोटे दाढ बोलत नाही, चुकतो तो वाचणारा. आणि चुकणाऱ्यांत फार मोठी माणसे आहेत.

नागपूरचेच उदाहरण घ्या. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले आणि धर्मकार्याइतक्याच निष्ठेने त्यांनी आसपासचे दगड तपासले. नागपूरजवळची टाकळी हे गाव त्यामुळे भूशास्त्राच्या पुस्तकांत गेले. या टाकळीच्या थरांतल्या एका दातावरून 1890 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी मॅसोस्पॉन्डायलस रॉवेसी अशी नवी जात जाहीर केली. मॅसोस्पॉन्डायलस हा मुळात दक्षिण आफ्रिकेतला लांब मानेचा, पाला खाणारा डायनासोर, आणि तो जगला ज्युरासिक काळाच्या आरंभी. टाकळीचे थर त्यानंतर दहा कोटींहून अधिक वर्षांनी साचलेले. आज तो दात मांसाहारी डायनासोरचा किंवा अशाच दुसऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा मानतात. एका दातावर पाला खाणाऱ्याचे नाव पडले आणि अनेक दशके तसेच राहिले.

कुव्हिए स्वतःही चुकले. इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातले डॉक्टर गिडिअन मँटेल यांना सापडलेला दात 1823 मध्ये पॅरिसला नेऊन त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो गेंड्याचा पुढचा दात ठरवला. पुढच्याच वर्षी त्यांनी मोकळेपणाने चूक मान्य केली, हा त्यांचा मोठेपणा. लंडनच्या संग्रहालयात सॅम्युअल स्टचबरी यांनी मँटेलना इग्वाना सरड्याचा दात दाखवला. आकार तोच, फक्त मँटेलचा दात कितीतरी पटींनी मोठा. 1825 मध्ये त्या प्राण्याचे नाव इग्वानोडॉन पडले.

सर्वांत बोलकी चूक मात्र नेब्रास्काची. हॅरल्ड कुक या भूशास्त्रज्ञाला 1917 मध्ये अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात एक झिजलेली दाढ मिळाली. 1922 मध्ये त्याने ती न्यूयॉर्कच्या संग्रहालयात हेन्री फेअरफिल्ड ऑसबर्न यांच्याकडे पाठवली. ऑसबर्न हे त्या काळातले या विषयातले सर्वांत वजनदार नाव. त्यांनी काही आठवड्यांत जाहीर केले की हा अमेरिकेतला पहिला मानवसदृश वानर, आणि त्याला हेस्पेरोपिथेकस हे नाव दिले. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्याचे नर-मादीचे अख्खे चित्र छापून आले, हातात सोटा, मागे घोडे-उंट. हे सगळे एका दाढेवरून. पुढे कुकच्या त्या जागी पद्धतशीर खोदकाम झाले, आणखी दात आणि हाडे निघाली, आणि 1927 मध्ये विल्यम ग्रेगरी यांनी लिहिले की ती दाढ पेकरीच्या कुळातल्या प्राण्याची आहे. पेकरी म्हणजे अमेरिकेतला डुकरासारखा प्राणी. काहीही खाणाऱ्यांच्या दाढा सारख्या असतात हे वर म्हटले ते याचसाठी. त्यात झीज झालेली, म्हणजे ओळख पटवणारी टेंगळेच पुसलेली.

यातली चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. 1909 मध्ये याच हॅरल्ड कुकने विल्यम मॅथ्यू यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात स्पष्ट इशारा दिला होता की या प्राचीन पेकरींचे दात वानरांच्या दातांशी चकित करण्याइतके जुळतात आणि अनोळखी माणूस त्यांना वानराचे समजू शकेल. तेरा वर्षांनी तेच घडले. माहिती होती. हवे ते सापडल्याच्या आनंदात ती आठवली नाही.

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. ती परीक्षा खरी ठरते, कारण शीत कुठल्या पातेल्यातले आहे ते आपल्याला ठाऊक असते. रस्त्यावर पडलेल्या शितावरून कुणाच्या घरचा भात ते कळणार नाही. दाताचे पातेले म्हणजे थर. नेब्रास्काचा उलगडा झाला तो लोक त्याच जागी परत गेले म्हणून. टाकळीच्या दाताला दूरच्या खंडातल्या, दूरच्या काळातल्या प्राण्याचे नाव मिळाले, तिथे थराच्या वयाकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे होते असे मला वाटते.

आता त्या शेतकऱ्याच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. गोदावरीच्या दरडीत वरून खाली काळी माती, पिवळसर गाळ आणि तळाशी खडी-वाळूचे घट्ट बसलेले थर दिसतात. थर जितका खालचा, तितका सहसा जुना. काही हजार वर्षांपासून काही लाख वर्षांपर्यंतचा पल्ला एका दरडीत असू शकतो. दाढ नेमकी कुठल्या थरात होती, असे मी विचारले. "खाली ढिगाऱ्यात पडलेली होती, सर." दाढेच्या फटींमध्ये माती असेल, तिच्यावरून थर जुळवता येईल, ही शेवटची आशा. "तारेच्या ब्रशानं चांगली घासून आणलीय," त्याने अभिमानाने सांगितले. त्याचा काही दोष नव्हता. घाण वस्तू पाहुण्यापुढे कशी ठेवायची, एवढाच त्याचा विचार. पण दाढेचे वय त्या ब्रशाबरोबर गेले.

थर राखला तर केवढे मिळते, त्याचा नमुना हत्तीच्या दाढेपेक्षा हजारो पटींनी लहान दातांत आहे. दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहिला. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांचा गाळ पुढच्या लाव्ह्याखाली दडपला गेला. तेलंगणातल्या नासकळ इथला असा गाळ जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी भिजवून, बारीक चाळण्यांतून धुऊन काढला आणि उरलेला चाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडला, आई तांदळातले खडे निवडते तसा कण कण करून. त्यात मिळाले जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचे दात. 1988 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. डायनासोरांच्या शेवटच्या काळात भारतात सस्तन प्राणी होते याचा तो पहिला पुरावा. उंदराएवढ्या त्या प्राण्याचे नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपाय ठेवले, नागपूरच्या हिस्लॉप यांच्या आठवणीसाठी. दात वरखालच्या लाव्ह्यांमध्ये बंदिस्त असल्याने वयाबद्दल वाद उरला नाही.

नवी साधने आली आहेत. दाताच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म ओरखडे आणि खड्डे पाहून प्राण्याने अखेरच्या दिवसांत गवत खाल्ले की कठीण फळे, हे सांगतात. एनॅमलमधल्या कार्बनच्या प्रकारांवरून आहारातले गवताचे प्रमाण कळते. 1935 मध्ये हाँगकाँगच्या एका औषधाच्या दुकानात 'ड्रॅगनचे दात' म्हणून विकायला ठेवलेल्या दातांत गुस्ताव फॉन क्योनिग्सवाल्ड यांना एक अवाढव्य दाढ दिसली आणि त्यांनी तिच्यावरून जायगँटोपिथेकस या महाकाय वानराची ओळख करून दिली. तो वानर कुणाचा नातलग, याचा वाद पुढे बराच काळ चालला. 2019 मध्ये दक्षिण चीनच्या चुईफेंग गुहेतल्या सुमारे 19 लाख वर्षांपूर्वीच्या दाढेच्या एनॅमलमधून प्रथिने काढून त्याचे नाते ओरांगउटानशी जुळते हे दाखवले गेले. प्रथिने टिकली एनॅमलच्या कवचात, पण दुकानातल्या दाढेवर ते काम तितक्या खात्रीने झाले नसते. गुहा ठाऊक होती, थर ठाऊक होता, वय ठाऊक होते.

म्हणून नदीकाठी, विहिरीच्या खोदकामात, वाळूच्या ढिगात तुम्हाला असे काही दिसले तर एवढे करा. दरडीत अडकलेले असेल तर उपटू नका. शेजारी एखादे नाणे किंवा पट्टी ठेवून जवळून फोटो काढा, मग चार पावले मागे येऊन अख्ख्या दरडीचा काढा, म्हणजे थर दिसेल. फोनवरून जागेची खूण जतन करा. वस्तू सुटी पडलेलीच असेल आणि वाहून जायची भीती असेल तरच उचला, चिकटलेल्या मातीसकट कागदात गुंडाळा आणि त्या कागदावर गाव, नदीचा काठ, तारीख लिहा. पुण्याचे डेक्कन कॉलेज, नागपुरातले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय किंवा जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग यांच्यापैकी कुणालाही कळवा. आणि तारेचा ब्रश लावू नका.